हत्यारे आणि मी

'हत्यार' हा शब्द कानावर पडला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तलवार किंवा सुरा उभा राहतो. आमच्या घरात तसे नाही. आमच्याकडे हत्यार म्हणजे हातोडा, छिन्नी, कानस, सांडशी. दसऱ्याला झेंडूची फुले मिळतात ती यांनाच. मी द्वितीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी. राहतो रोह्याला, शिकतो पेणला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मुलाच्या हाती हातोडा नको, पेन यावे, ही बाबांची इच्छा. पेन तर आले. पण माझे मन घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून काही निघत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शेडमधले सर्वांत वडीलधारे हत्यार म्हणजे आजोबांची ऐरण. आजोबा कोयते, विळे आणि नांगराचे फाळ करीत. भातकापणीच्या आधी दारात शेतकऱ्यांची गर्दी होई, असे आजी सांगते. कोयत्याला पाणी देणे हे त्यांचे खरे कसब. लालभडक पाते पाण्यात बुडविले की पोलाद कठीण होते, पण त्याबरोबर ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवायचे आणि घासून उजळ केलेल्या धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचे. उशीर झाला तर रंग निळ्यावर जातो आणि धार मऊ पडते. आजोबांजवळ तापमापक नव्हता, डोळा होता.

बाबांच्या वाट्याला भात्याऐवजी वेल्डिंग मशीन आले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी एका ठेकेदाराकडे बरीच वर्षे काढली आणि मग घरीच काम सुरू केले. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, पत्र्याच्या शेडचे सांगाडे. आणि गणपतीच्या आधी हमरापूर-जोह्याकडच्या मूर्तिकारांसाठी लोखंडी घोडे नि चौरंग. लोखंड सुमारे १५०० अंशांना वितळते. वेल्डिंगच्या काडीवरचे लेपण जळते, त्याचा धूर हवेला दूर ठेवतो आणि वर खपली धरते. ती हातोडीने टोचून काढली की खाली मासळीच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ दिसते. बाबांची रेघ पाहून काम कोणाचे, हे आमच्या आळीत न विचारता कळते.

मला स्वतःला विचाराल, तर माझी आवडती हत्यारे दोन. एक कानस. ती पुढे जाताना कापते. मागे येताना दाब द्यायचा नाही, नाहीतर दाते बोथटतात. दात्यांत किस अडकू नये म्हणून आधी तिच्यावर खडू घासायचा. वर्गातला खडू फळ्यावर काय लिहितो ते मी रोज पाहतो. पण खडूचा हा दुसरा उपयोग मला आधी ठाऊक होता!

दुसरे हत्यार म्हणजे गुण्या. वेल्ड गार होताना आकसतो आणि चौकट आपल्याकडे ओढतो. म्हणून प्रथम चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, टेपने दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले की मगच पक्के वेल्डिंग. शाळेत भूमितीत कर्ण आला तेव्हा सारा वर्ग कंटाळला होता. मला मात्र घरचा माणूस भेटल्यासारखे वाटले.

अशीच गंमत १६२ या आकड्याची. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, की एका मीटरचे वजन किलोत येते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. हा हिशेब त्यांना तोंडपाठ, पण १६२ कुठून आले हे कोणी त्यांना सांगितले नव्हते. एका रात्री वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि लोखंडाची घनता मांडून मी तो आकडा कागदावर काढून दाखविला. बाबांनी कागद दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हे खरंच आहे तर!" वीस वर्षे ज्यावर पोट भरले, त्याची खात्री त्यांना त्या रात्री पटली. शिक्षण कशासाठी, यावर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत; इतके चांगले उत्तर मला एकाही भाषणात मिळाले नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. बाबांची नजर अधू झाली आहे. ठेकेदाराकडे असताना पुरेशी काळी काच न लावता पुष्कळ कामे करावी लागली. आर्क लागली की तेव्हा काही कळत नाही; मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून भिंतीला टेकून बसलेले बाबा मी लहानपणी पाहिले आहेत. आता उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया करावी लागणार. तुझे बीए झाले की मशीन भंगारात घालीन, असे ते म्हणतात. आळीतले लोकही म्हणतात, "पोरगा शिकला, आता कशाला तो धूर?"

मला हे पटत नाही. पदवी घेतली म्हणून हात विसरावेत का? आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. लोखंड गंजतच राहणार, जाळ्या बदलाव्याच लागणार. सकाळी पेणची गाडी आणि संध्याकाळी शेड, हे दोन्ही मला जमेल, असे मी बाबांना सांगितले आहे. मात्र पुरेशा काळ्या काचेशिवाय काडी पेटवायची नाही, ही माझी अट.

बाबांनी अजून होकार दिलेला नाही. परवा मात्र बाजारातून येताना त्यांनी दोन काळ्या काचा आणल्या. त्यांच्या शिल्डला एकच लागते.