परत येणारा शोमरोनी

उरण

चि. बाळ,


पाळकसाहेबांनी तुला उपदेशाला उभं राहायला सांगितलंय, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेणार आहेस ना? मग एवढं ऐक. त्याने जखमांवर तेल ओतलं, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, इथवर सगळेच सांगतात. पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेवाल्याच्या हाती दोन दीनार ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत आल्यावर फेडीन म्हणाला. माझ्या मते दाखल्याचं सगळं वजन त्या परत येण्यात आहे.

गेल्या पावसाळ्यात करळ फाट्याजवळ कंटेनरच्या रांगेत एक ड्रायव्हर तापाने फणफणत पडला होता. बिहारचा कोवळा पोरगा. आमच्या मंडळीतल्या बायांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. मालकाने दुसरा माणूस पाठवून गाडी नेली, आणि हळूहळू आम्हीही आपापल्या कामाला लागलो. रोज जात राहिल्या त्या फक्त करंजाच्या मासळी विकणाऱ्या आजी. पाटी रिकामी झाली की तशाच, डब्यात मऊभात घेऊन. त्याच्या आईला फोन लावून द्यायच्या. भाषा कळत नसली तरी दोघी बोलायच्या. पोराच्या उशाशी हनुमानाची तसबीर होती. आजी ती पदराने पुसून परत जागेवर ठेवायच्या. मंडळीत काहींना हे खटकलं. मला त्यात आजींची श्रद्धाच दिसली.

पंडिता रमाबाईंचं काम आठव. १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या. आणलं त्याचं कौतुक आहेच, पण खरं काम पुढे होतं: आजारपणं काढणं, लिहायला शिकवणं, शेती, विणकाम, छापखाना. मुलगी मनोरमा आंधळ्या मुलींना शिकवायची. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या, १९२२मध्ये देह ठेवीपर्यंत. केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' मिशनचं काम आजही चालू आहे. त्याआधी त्यांच्याच शारदा सदन या विधवांच्या शाळेवर १८९३मध्ये धर्मांतराचं वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हेही विसरू नकोस. लोकांना मदतीमागे हेतू दिसतो तेव्हा ते दुखावतात. म्हणून भाकरीला अट लावू नये. कोणी आपणहून विचारलं, तर मात्र प्रभूचं नाव सांगायला लाजू नये.

उपदेशात मोठे शब्द कमी घाल. शनिवारी ये, आता थेट उरणपर्यंत लोकल आहे. आजींची गाठ घालून देते. त्या स्वतःहून काही बोलणार नाहीत, तूच विचार. आणि येताना त्यांच्यासाठी गुडघ्याचं तेल आण, इथलं संपलंय.

तुझी,
मावशी