छत्तीस गुण आणि गप्पी

लग्न जुळवताना मुलामुलीची पत्रिका बघतात. मासे जुळवताना कुणी बघत नाही. दुकानदार तर मुळीच नाही. त्याच्या लेखी जगातल्या यच्चयावत माशांचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात. "सगळे चालतात, साहेब," एवढं म्हणून तो पिशवीत हवा भरतो, रबर लावतो, आणि आपण ती पिशवी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून रिक्षात बसतो.

खरं म्हणजे वालीवच्या माणसाने मासे पाळावेत हेच आमच्या भागाला मंजूर नाही. वसई तालुक्यात मासा म्हणजे पापलेट, बोंबील, गेला बाजार मांदेली. काचेची टाकी घरात आली त्या दिवशी दारावर येणाऱ्या मावशींनी टोपली उतरवून आत डोकावून पाहिलं. "दादा, याचा वाटीभर रस्सा पण नाय व्हायचा," म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने डझनभर बोंबील घेतले.

टाकी आणली होती अण्णांसाठी. आई गेल्यावर आम्ही त्यांना चिपळूणकडच्या घरातून इकडे आणलं. इथे खिडकीतून दिसतात ते गाळे, पत्र्याची छपरं आणि टेम्पो. नारळ नाही, विहीर नाही, ओटीवर येऊन बसणारं माणूस नाही. अण्णांची भाषा हळूहळू तीन शब्दांवर आली : 'हो', 'नको' आणि 'बघू'. चिरंजीव म्हणाले, आजोबांना मासे आणू. मी म्हटलं, आणू. अण्णा म्हणाले, "बघू."

दोन फूट लांबीची टाकी. जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर पाणी. त्यात दुकानदाराने दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब आणि एक गोल्डफिश असं संमिश्र मंत्रिमंडळ भरलं. शिवाय हायड्रिलाची जुडी. (आमच्या हिने ती आधी मेथी समजून निवडायला घेतली होती.)

तिसऱ्या दिवशी निऑन पाच झाले. पाचव्या दिवशी तीन. आम्ही फिल्टरमागे शोधलं, सोफ्याखाली शोधलं. एंजल मात्र संतासारखे तरंगत होते; फक्त पोट जरा पुढे आलेलं. त्यांनाही सुख नव्हतंच, कारण ते लांब झुळझुळीत पर टायगर बार्ब मागून येऊन कुरतडत होते. अस्सल राक्षसगण! गोल्डफिशने कुणाला त्रास दिला नाही. त्याने फक्त हायड्रिला खाल्लं, उरलेलं मुळासकट उपटलं आणि पाण्याचं ताक केलं.

उरलेले निऑन मी मोजत होतो तेव्हा मागून आवाज आला, "तोंडात मावतो तो घास. दुसरं काय होणार?"

तीन शब्दांपलीकडचं एवढं लांबलचक बोलणं घरात कित्येक महिन्यांनी ऐकू आलं. हिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"पाणी कुठलं?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, बोअरचं. त्यांनी किटली उघडून आतला पांढरा थर नखाने खरवडला. "साबणाला फेस येतो का?" ही म्हणाली, कसला येतोय! "मग पाणी जड आहे. हे तुझे चमकणारे अमेझॉनचे, त्यांना मऊ पाणी लागतं. जड पाण्यात गप्पी टाक."

मी विसरलोच होतो. अण्णांची सगळी नोकरी हिवताप खात्यात गेली. 1958 साली देशात हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि सत्तरच्या पुढे अण्णा त्यात लागले. गावोगाव फिरायचं, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, घराच्या भिंतीवर तारीख लिहायची. पुढे विहिरींत, टाक्यांत गप्पी सोडायचे, कारण गप्पी डासांच्या अळ्या खातात. दुकानात आम्ही ज्याला नाक मुरडलं होतं, त्या माशाशी अण्णांचा उभ्या जन्माचा घरोबा निघाला.

एंजल, बार्ब, गोल्डफिश आणि वाचलेले निऑन दुकानदाराने परत घेतले. पैसे अर्थातच नाही. मग सूत्रं अण्णांकडे गेली. नुसत्या झाडांवर महिनाभर टाकी तशीच चालवली. घाण पचवणारे जंतू तयार झाल्याशिवाय मासा टाकायचा नाही, नाहीतर स्वतःच्याच घाणीने मरतो. चिमूटभर खाद्य मात्र रोज टाकायचं, म्हणजे जंतूंची उपासमार नको. बिनमाशांच्या टाकीला जेवण! शेजारी हळहळले. हायड्रिला पुन्हा लावलं, मागे जड पाण्यातही वाढणारं व्हॅलिस्नेरियाचं लांब पातं लावलं. झाडांबरोबर गोगलगाई न बोलावता आल्या. अण्णा म्हणाले, राहू दे.

मग आले गप्पी : दोन नर, सहा माद्या. "एका नरामागे तीन माद्या. नाहीतर एकीलाच पळवून पळवून मारतात." सोबतीला चार प्लॅटी. त्याही जड पाण्याच्या, कुणाच्या परांना तोंड न लावणाऱ्या, आणि कुणाच्या तोंडात न मावणाऱ्या.

महिन्याभरात पिल्लं झाली. गप्पी आपलीच पिल्लं खातात, पण हायड्रिलाच्या दाटीत बरीच वाचली. अण्णा रोज सकाळी चष्मा काचेला टेकवून मोजतात आणि चिरंजीवांशी आकड्यावरून भांडतात. जास्तीची पिल्लं बरणीत घालून खालच्या वॉचमनच्या पाण्याच्या ड्रममध्ये जातात. "तळ्यात, ओढ्यात सोडायची नाहीत हां, तिथल्या माशांना त्रास," हे त्यालाही हिंदीत बजावून झालंय. त्यांचं हिंदी ऐकायला हल्ली शेजारच्या गाळ्यातली दोन पोरंही येऊन उभी राहतात.

एकच झालं. पाणी बदललं की अण्णा खडूने टाकीशेजारच्या भिंतीवर तारीख लिहितात. भिंत गेल्याच वर्षी रंगवलेली, रंगही हिने स्वतः निवडलेला. पहिली तारीख पडली तेव्हा मी श्वास रोखून स्वयंपाकघराकडे पाहिलं. काही आलं नाही.

परवा दिवाळीच्या रंगाचा विषय निघाला. रंगारी माप घ्यायला आला, तर ही त्याला म्हणाली, "हॉल पूर्ण करायचा. तेवढी टाकीजवळची जागा सोडा."

अण्णा म्हणाले, "बघू."