स्टँडबाय बॅटरी आणि मेरिट

आरक्षण, शिष्यवृत्ती म्हणजे कुबड्या, असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. राखीव बॅटरीवर विमान सुखरूप उतरवणारा पायलट कमी लायकीचा असतो का?

आमच्या सोनपेठ तालुक्यातली एक मुलगी पायलटचं प्रशिक्षण घेतेय. फोनवर ती विमानाबद्दल सांगते. मी समाजशास्त्राचा माणूस, अर्धंच कळतं. पण जे कळलं ते आपल्या कामाचं आहे.

सेस्ना १७२ हे शिकाऊ पायलटांचं चार आसनी विमान. जुन्या विमानांत काट्यांच्या गोल तबकड्या असायच्या. गार्मिन जी१००० बसवलेल्या विमानात त्यांच्या जागी दोन स्क्रीन आल्या. वेग, उंची, क्षितिज सगळं त्यांवर. हवेत अल्टरनेटर बंद पडला तरी इंजिन थांबत नाही, त्याची ठिणगी मॅग्नेटोतून येते. स्क्रीन मात्र मुख्य बॅटरीवर किती वेळ तगणार? ढगात आपण सरळ आहोत की कललोय, हे नुसत्या शरीरावरून कळत नाही. म्हणून वेगळी स्टँडबाय बॅटरी असते. ती सगळ्यांना वीज देत बसत नाही. पायलटसमोरची स्क्रीन, तिला माहिती पुरवणारी यंत्रं, एक रेडिओ, अशा अत्यावश्यक गोष्टींनाच, साधारण ३० मिनिटं. इंजिन सुरू करण्याआधी तिची चाचणी होते: बटण दाबून धरायचं, हिरवा दिवा विझता कामा नये. (शिवाय काट्यांची दोन-तीन उपकरणं ठेवलेलीच असतात. आधाराला आधार!)

इथे कुणी म्हणत नाही, खरा पायलट असेल तर बॅटरी कशाला.

पिढीजात मालमत्तेच्या घरात ही बॅटरी भिंतीतच बसवलेली असते. जमीन, मामाची ओळख, पुण्यातला फ्लॅट. दिसत नाही म्हणून तिला मेरिट म्हणतात.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं; तेही सिडनहॅममधल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचं कर्ज जमलं तेव्हा. बुद्धी तीच होती. मधली तीन वर्षं वीज नव्हती.

व्यावसायिक पायलटच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या यादीत हा अभ्यासक्रम आहे, पण हप्ता वेळेवर आला तर. ३० मिनिटांची बॅटरी विमान कोसळल्यावर चालू झाली तर तिला बॅटरी म्हणायचं का? म्हणून मित्रहो, सोशल मीडियावर मेरिटवाल्यांशी भांडण्याइतकाच वेळ हप्त्यांच्या तारखांवरही घालवा. कुणाचा कधी आला, किती अडला, लिहून ठेवा.

या मुलीचा दुसरा हप्ता अडकलाय आणि तिचं उड्डाण थांबलंय. सोमवारी आम्ही चौघं कागदपत्रं घेऊन संबंधित कार्यालयात जातोय. ज्यांचे हप्ते रखडलेत त्यांनी अर्जाची पोच सोबत आणावी.

जय भीम.