बंगळुरातील एका घरचा नाताळ

नाताळ हा शब्द आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे उच्चारतो की तो पोर्तुगिजांच्या भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी जन्म एवढाच अर्थ आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. वसईच्या गावांत, गोव्यात किंवा रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आजही गाणाऱ्या मराठी चर्चमध्ये हा सण कसा होतो, याची थोडीबहुत कल्पना आपणांपैकी पुष्कळांस असेल. बंगळूरची गोष्ट निराळी आहे. तेथे या सणाला एकच एक बोली नाही. कोणी त्याच्या प्रार्थना तमिळमध्ये म्हणतो, कोणी कन्नडात, कोणी कोंकणीत, तर कोणी मल्याळम किंवा इंग्रजीत. आणि कित्येकदा तर एकाच घरात यांतल्या तीन भाषा नांदत असतात. अशाच एका तरुण कुटुंबात गेल्या डिसेंबरात चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. त्या घराचे वर्तमान आपणांस सांगावयाचे आहे. परंतु आधी शहराची थोडी ओळख करून दिली पाहिजे.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपण बंगळुरास गेलात तर एक संध्याकाळ शिवाजीनगरासाठी अवश्य राखून ठेवावी. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरील या शहरात तेव्हा शालीपुरती गोड थंडी असते. १९२७ साली उभ्या राहिलेल्या रसेल मार्केटच्या आसपास फळाफुलांच्या जोडीला कागदी चांदण्या, गवताने शाकारलेले चिमुकले गोठे आणि रंगवलेल्या गाई, मेंढरे व उंट विक्रीस मांडलेले दिसतात. हाकेच्या अंतरावर सेंट मेरीज बॅसिलिकाचा उंच मनोरा आहे. या जागी पहिली वस्ती केली ती जिंजीच्या परिसरातून आलेल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी. ज्या जिंजीच्या किल्ल्याशी छत्रपती राजाराम महाराजांची आठवण निगडित आहे, तीच ही जिंजी! हिंदूंच्या चालीरीतींवरील ग्रंथामुळे प्रसिद्धीस आलेल्या ॲबे द्युब्वा या फ्रेंच धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे त्यांच्यासाठी प्रार्थनास्थळ चालवले. सध्याची गॉथिक धर्तीची इमारत १८८२ साली पुरी झाली व १९७३ साली तिला बॅसिलिकाचा मान मिळाला. आत मरियामातेची मूर्ती साडी नेसलेली आहे. त्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत बुरखा घेतलेल्या आणि कुंकू लावलेल्या बायाही दिसतात, आणि त्याचे तेथे कोणास नवल वाटत नाही.

इंग्रजांनी १८०९ साली येथे लष्करी छावणी वसवली आणि शहराचे जणू दोन भाग झाले. छावणीतील इंग्रजांसाठी सेंट मार्क्स चर्च १८१२ साली बांधून झाले. आयरिश सैनिकांसाठी पुढे सेंट पॅट्रिक्स झाले. कन्नड भाषिक प्रॉटेस्टंटांचे हडसन स्मारक चर्च १९०४ सालचे. १९४७ साली, देश स्वतंत्र झाल्यावर सहाच आठवड्यांनी, दक्षिणेतील अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन केले. कॅथॉलिकांची मिस्सा १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्ये होत असे, म्हणजे ती सर्वांनाच सारखी परकी होती. पुढे लोकभाषांना मोकळीक मिळाली आणि लोकांची भाषा म्हणजे कोणाची भाषा, हा प्रश्न या बहुभाषी शहरात उभा राहिला. तमिळ की कन्नड, यावरून येथे वर्षानुवर्षे वाद झाले आणि ते कडवटही झाले. सणाच्या लेखात हा उल्लेख कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आम्ही ज्या घरी उतरलो तेथे हाच प्रश्न, वाद न होता, रोज रात्री मुलाला निजवताना उपस्थित होत असे.

घर फ्रेझर टाउनमध्ये, एका जुन्या दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली घरमालकीणबाई राहतात. त्या कन्नड ब्राह्मण, वयाने सत्तरीच्या पुढच्या. वर हे तिघे. पती एका कारखान्यात अभियंता. त्याचे घराणे तुमकूरकडील, प्रॉटेस्टंट, पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलणारे. किट्टेल नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८९४ साली कन्नडचा मोठा कोश सिद्ध केला. मोल्सवर्थच्या कोशास आपल्याकडे जो मान, तोच त्यास तिकडे आहे. त्याची प्रत या गृहस्थाच्या आजोबांच्या कपाटात बायबलशेजारी असे. पत्नी परिचारिका आहे. ती मंगळूरच्या कोंकणी कॅथॉलिक घराण्यातील, परंतु जन्मली व शिकली ती बंगळुरात, इंग्रजी शाळेत. मुलगा पाच वर्षांचा. तो बापाशी कन्नड, आईशी इंग्रजी आणि खालच्या अज्जींशी या दोहोंचे मिश्रण बोलतो. कोंकणी त्याला समजते. बोलत मात्र नाही. मंगळूरच्या आजीला याची फार रुखरुख आहे.

नाताळाची पूर्वतयारी या घरी चार आठवडे आधी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. त्या दिवशी चारांपैकी एक मेणबत्ती पेटते. पुढच्या प्रत्येक रविवारी एकेक वाढत जाते. पंधरवडा उरला म्हणजे मुलाने पसरट ताटल्यांत माती घालून नाचणी पेरावयाची. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो, तसाच हा प्रकार. सणापर्यंत वीतभर हिरवेगार रोप येते आणि ते गोठ्यापुढे शेत म्हणून मांडतात. त्या गोठ्याला कन्नडात गोदलि म्हणतात. मेंढपाळ, गाई, मरिया, योसेफ सारे आधीच आपापल्या जागी असतात. गव्हाण तेवढी रिकामी ठेवतात. बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या मध्यरात्री ठेवावयाची, आणि ती घरातील सर्वांत लहान मुलाने.

फराळाचे काम मोठे. मंगळूरकडे या साऱ्या पदार्थांना मिळून कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. गुलाबाच्या फुलासारखी एक खुसखुशीत चकती असते: लांब दांड्याचा लोखंडी साचा कढत तेलात तापवून पिठात बुडवावयाचा व पुन्हा तेलात धरावयाचा. पीठ साच्याच्या कडेपर्यंतच यावे. वरून झाकले गेले की फूल सुटत नाही, हे तंत्र. पण घरभराचा खेळ म्हणजे किडियो. इतरत्र त्यांना कलकल म्हणतात. मैदा, थोडा रवा, लोणी व नारळाचे दूध यांची कणीक मळून तिच्या बोराएवढ्या गोळ्या करावयाच्या आणि एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळावयाची, की शंखासारखी रेघारेघांची वळी होते. त्या तळून साखरेच्या पाकात घोळतात. एका किलोच्या कणकेच्या शेकडो वळ्या होतात; त्यामुळे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. मुलाच्या वळ्या अर्ध्या उलगडलेल्या होत्या. त्या वेगळ्या न काढता तळल्या गेल्या.

खालच्या अज्जी अंडे खात नाहीत. म्हणून त्यांच्या वाटणीचे किडियो स्वयंपाकघरात अंडे फुटण्यापूर्वी, पहिल्या दिवशी, कोऱ्या तेलात तळून डब्यात बंद होतात. हे कोणी कोणास सांगितलेले नव्हते. सुनेने पहिल्या वर्षी आपण होऊन केले आणि तोच प्रघात पडला. केकची तऱ्हा निराळी. सुके मेवे ऑक्टोबरातच रममध्ये भिजत पडतात. पतीच्या घराण्यात मद्य वर्ज्य असल्याने दुसरी बरणी संत्र्याच्या रसाची असते. पूर्वी या भागातील पुष्कळ घरे आपले कालवलेले पीठ गल्लीतील बेकरीच्या भट्टीवर भाजण्यास पाठवीत. आता घरोघरी विजेच्या भट्ट्या आल्या. तरी मशीद रस्त्यावरील १९०२ सालच्या अल्बर्ट बेकरीपुढे डिसेंबरात रांग लागतेच. नाव इंग्रजी, मालक मुसलमान, गिऱ्हाईक सर्व धर्मांचे! आम्ही दोन्ही बरण्यांच्या केकची चव घेतली. कोणता सरस, हे सांगून घरात तंटा लावण्याची आमची इच्छा नाही.

या वर्षी चोवीस तारखेच्या रात्री गृहिणीला रुग्णालयात रात्रपाळी होती. परिचारिकेच्या घरी हे एक वर्षाआड ठरलेलेच. संध्याकाळी सहाला तिने नव्या कपड्यांना इस्त्री करून ठेवली, मुलाला जेवू घातले आणि ती निघाली. जाताना म्हणाली, "आज बाबाच्या संगतीने बाळाला ठेव हं." मुलगा काही बोलला नाही.

रात्री साडेनऊला मंगळूरहून आजीचा फोन आला. सणाच्या आदल्या रात्री घरात कोंकणीतून जपमाळ व्हावी, हा तिचा आग्रह. एरवी ती कन्येबरोबर फोनवरून प्रार्थना म्हणे. आज कन्या कामावर. तेव्हा जावयाने कपाटातून सासूने दिलेले प्रार्थनेचे पुस्तक काढले. मंगळूरची ख्रिस्ती कोंकणी कन्नड लिपीत छापली जाते, हे आपणांपैकी काहींस ठाऊक असेल. यातून एक मौजेची गोष्ट घडली आहे. पत्नीला कोंकणी बोलता येते, परंतु कन्नड लिपी ती अडखळत वाचते. पतीला लिपी मुखोद्गत. भाषा मात्र निम्मीच उमगते. शिवाय मरियेच्या जपमाळेची रीत त्याच्या प्रॉटेस्टंट पंथात नाही. त्याने फोन टेबलावर उभा केला, "अत्ते, चुकले तर सांगा," असे म्हणून चष्मा लावला आणि शब्द न शब्द स्वच्छ वाचू लागला. आजी पलीकडून उत्तरार्ध म्हणे. दोन ठिकाणी तिने उच्चार सुधारला. शब्द आम्हांस मराठीच्या आधारे बरेच कळत होते. वाचणाऱ्यापेक्षा कदाचित थोडे अधिकच. तिसऱ्या दशकाच्या सुमारास मुलगा उत्तरार्ध आजीबरोबर म्हणू लागला. तो पाठ त्याला कधी झाला, हे कोणास ठाऊक नव्हते. आजीने मध्ये थांबून काही विचारले नाही. आवाज मात्र तिने मुद्दाम खाली आणला, म्हणजे त्याचा ऐकू यावा.

बारा वाजता दूरवर घंटा वाजल्या, फटाके फुटले. बापाने बाळ येशूची मूर्ती मुलाच्या हाती दिली. त्याने ती परत पेटीत ठेवली. "अम्मा येऊ दे," एवढेच कन्नडात म्हणाला. रिवाज मोडतो, असे बापाला वाटले असावे. तो क्षणभर घुटमळला. मग त्याने दिवा मालवला.

पहाटे बापलेक कन्नड उपासनेस गेले; आम्हीही मागोमाग. रेशमी साड्या, मोगऱ्याचे गजरे, थंडीने लाल झालेली मुले. चांदण्यांची रोषणाई वजा केली तर एखाद्या मंगलकार्याची मंडळी जमली आहे असेच वाटावे. घरी परतलो तेव्हा साडेआठ वाजले होते. ती जिन्यातच भेटली. पायांतील बूट तसेच, खांद्यावर पिशवी, डोळ्यांत झोप. मुलाने तिला हात धरून गोठ्यापाशी नेले आणि गव्हाणीत बाळ ठेवले. तिने ओंजळीने डोळे झाकून इंग्रजीत प्रार्थना म्हटली, आणि मग ती जी झोपली ती दुपारच्या बिर्याणीलाच उठली. सायंकाळची इंग्रजी मिस्सा तिच्यासाठी उरलेली होतीच. पतीही तिच्यासोबत गेला.

मुलाने पुढे कोणत्या चर्चचे व्हावे, हे अजून ठरलेले नाही. विवाहाच्या वेळी दोन्ही घरांनी विचारले होते, बाप्तिस्म्याच्या वेळी पुन्हा विचारले, आणि पहिल्या प्रसादाचे वय जवळ येत आहे म्हणून मंगळूरहून आता तिसऱ्यांदा विचारणा झाली आहे. दोघेही यावर हसून वेळ मारून नेत नाहीत. त्यांना तो प्रश्न खरा वाटतो, आणि रात्री उशिरापर्यंत त्याविषयी हळू आवाजात चाललेले बोलणे आमच्या कानी आले. आम्ही पाहुणे, त्यात सल्ला देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गृहिणीचे पत्र आले. सहा तारखेला, तीन राजांच्या सणानंतर, गोठा आवरावयाचा असतो. मुलाने तो संक्रांतीपर्यंत आवरू दिला नाही. संक्रांतीस अज्जी वर आल्या. नाताळाच्या फराळाचे स्टीलचे ताट त्यांच्याकडेच राहिले होते. त्यातूनच त्यांनी एळ्ळु-बेल्ला आणले. आपल्या तिळगुळाचाच हा कन्नड अवतार: तीळ, गुळाचे व खोबऱ्याचे बारीक तुकडे, शेंगदाणे, डाळे, सोबत उसाची कांडी आणि साखरेची साच्यातील चित्रे. त्यांतला साखरेचा हत्ती मुलाने नेऊन उंटांशेजारी उभा केला. दोन दिवसांत मुंग्यांनी त्याची सोंड संपवली, आणि मग नाइलाजाने तिने गोठा उचलला, नाचणीची सुकलेली रोपे अज्जींच्या तुळशीच्या कुंडीत टाकली व मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या.