कनकेश्वरच्या पायऱ्या

अलिबागजवळचा कनकेश्वरचा डोंगर फार उंच नाही, पण चढ छातीवर येतो. मापगावातून निघालेल्या दगडी पायऱ्या १७६४ साली, आंग्र्यांच्या अमदानीत बांधलेल्या. आपले सिमेंटचे बांध इतके टिकले तर काय हवे!

पन्नाशी उलटलेले गुडघे मधूनमधून टेकायला लावतात. सोबत एक तरुण शेतकरी होता. त्याला २० गुंठे भातशेत बंगल्यासाठी विकायचे होते. मी म्हटले, आधी वर चल.

दाट झाडीत त्याला पाचोळा उकरून दाखवला. खाली काळी, भुसभुशीत माती. पाऊस इथे मुरतो. खाली भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल होतो, विहिरीच्या पाण्यावर पांढरा कांदा.

झाडी उघडली तिथून समुद्र दिसला, खांदेरी-उंदेरी दिसले. त्याने बोटाने आपले शेत शोधले. तिन्ही बाजूंना बंगल्यांची कुंपणे, आणि पावसाच्या पाण्याला वाट उरली ती त्याच्याच शेतातून.

“इथे भराव पडला तर काकांचं भात बुडेल,” तो म्हणाला.

उतरताना म्हणाला, “साहेब, पण आबांच्या आजारपणाचं कर्ज?”

त्याला डोंगरावर उत्तर नव्हते. सोमवारी बँकेचे कागद घेऊन ये, म्हटले.