एकास दहा

छंद या शब्दाला आपल्या कारकुनी जगात अजून पुरती प्रतिष्ठा लाभलेली नाही. पोस्टाची तिकिटे जमवणारा खपून जातो, बुद्धिबळ खेळणारा तर कौतुकाचा विषय होतो. पण पस्तिशी ओलांडलेला, पदवीधर, बायकामुलांचा गृहस्थ रविवारी सकाळी खेळण्यातली जीप पिशवीत घालून अरवलीच्या खडकांकडे निघतो हे कळले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती एरवी आजारी माणसाच्या वाट्याला येते. आमच्या विभागातल्या एका सज्जन सहकाऱ्याने मला हळूच विचारले, "मुलासाठी का?" मी "हो" म्हटले असते तर प्रकरण तिथेच निकाली निघाले असते.

बिनतारी लहरींवर चालणारी मोटार म्हटले की धूळ उडवीत सुसाट जाणारे खेळणे डोळ्यांपुढे येते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली अशी पहिली पोर्श मोटार बाजारात आणली, तेव्हापासून तिची ओळख वेगाशीच जोडली गेली आहे. क्रॉलर ही त्याच कुळातली, पण निराळ्या स्वभावाची जात. ती धावत नाही, रांगते. माझ्या जीपमधल्या मोटरवर तारेचे ५५ वेढे आहेत. वेढे जितके अधिक तितकी मोटर सावकाश आणि जोरकस. तिच्या सुमारे चाळीस फेऱ्या दातेरी चक्रांतून गाळून चाकापर्यंत पोहोचेतो एक उरते, आणि गाडीचा वेग माणसाच्या चालीइतका, तासाला जेमतेम चार किलोमीटर होतो. गेलेल्या वेगाच्या मोबदल्यात चाकाला बळ मिळते. सरकारी फाइलही अशीच अनेक दातेऱ्यांतून जाते. तिथे गेलेल्या वेगाच्या बदल्यात काय मिळते याविषयी मी मत देणार नाही. १९६४ चे आचरण नियम मला लागू आहेत.

अशा गाड्या अमेरिकेतल्या ट्रॅक्साससारख्या कंपन्यांकडून तयार मिळतात आणि त्या उत्तम असतात. पण मला तयार गाडी नको होती. मला हवी होती ती विशिष्ट जीप: महिंद्राची एमएम ५४०, डिझेलची, पांढरी, काळ्या हुडाची. माझे वडील सातारा जिल्ह्यात मेढ्याला पंचायत समितीत ड्रायव्हर होते. १९८९ साली ती जीप त्यांच्या हाती आली आणि २००१ साली ती निर्लेखित होऊन लिलावात गेली. त्या बारा वर्षांत गटविकास अधिकारी किती बदलले याची मोजदाद नाही. जीप आणि अण्णा मात्र कायम. आमच्या घरी त्या जीपचा एकही फोटो नाही. सरकारी मालमत्तेबरोबर फोटो कसला काढायचा, असे अण्णांचे मत.

बाजारात मिळणाऱ्या सांगाड्याच्या पुढच्या व मागच्या चाकांत ३१३ मिलिमीटर अंतर असते. एमएम ५४० चे हे अंतर ९१ इंच. एकास दहा प्रमाणाने २३१ मिलिमीटर. म्हणजे पोलादी पट्ट्या ८२ मिलिमीटरने कापणे आले. जाणकारांनी मला परावृत्त करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. गाडी आखूड झाली की चढणीवर नाक उचलते आणि मागे कोलांटी खाते, हे खरे आहे. पण लांब केलेली जीप ही कोणा दुसऱ्याची जीप झाली असती. मी करवत चालवली.

पुढचे आठ महिने दिल्ली मला नव्याने कळली. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटात तारा, जोडण्या आणि चाके वळवणारा सर्व्हो मिळाला. अंगासाठी दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे पत्रे कापले. तीन मितींत छापून घेतलेले अंग स्वस्त आणि झटपट पडते. परंतु त्याचे नेहमीचे प्लॅस्टिक साठेक अंशांना मऊ पडते, आणि दिल्लीच्या जूनमध्ये उन्हात उभ्या बंद मोटारीत ठेवल्यास ते वाकते. बॅटरी लिथियमची, ७.४ व्होल्टची, भडकली तर भरवसा नाही, म्हणून रामकृष्णपुरमच्या आमच्या बाल्कनीत ती मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज केली जाते. कुंडीतली तुळस सौभाग्यवतींनी त्याआधीच, एक अक्षर न बोलता, दुसरीकडे हलवली होती.

खरी अडचण हुडाची झाली. अण्णांच्या जुन्या खाकी गणवेशाचे कापड त्यासाठी वापरावे अशी माझी भाबडी कल्पना होती. फोनवर ती ऐकून अण्णा चिडले. "हूड काळ्या रेक्झिनचा व्हता. आन् गणवेश काय गाडीला घालायची चीज हाय?" करोलबागेत मोटारींच्या गाद्यांचे रेक्झिन मिळते, त्यातले सर्वांत पातळ आणले, तरी त्याच्या घड्या पत्र्यासारख्या ताठ राहिल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रमाण ही फसवी गोष्ट आहे. लांबी दहापटीने कमी करता येते, कापडाचा लवचीकपणा येत नाही. एक टनाची गाडी लांबी, रुंदी, उंची अशी तिन्ही अंगांनी दहापटीने लहान केली तर वजन हजारपटीने घटून एक किलो व्हायला हवे. माझी जीप अडीच किलोंची आहे. आणि पृथ्वीचे आकर्षण तर कोणासाठीच प्रमाण बदलत नाही. खरी जीप दोन मीटरांवरून पडली तर जमिनीवर यायला तिला पाऊण सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. माझी वीस सेंटिमीटरांवरून पडते ती एकपंचमांश सेकंदात. खेळणे पाहताक्षणी खेळणे वाटते ते या घाईमुळे. म्हणूनच सिनेमावाले छोट्या प्रतिकृतीचे चित्रण वाढत्या गतीने करून पडद्यावर ते संथ दाखवतात.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अण्णा दिल्लीला आले. अभयारण्याची हद्द सोडून, गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्यालगतच्या खडकांवर मी त्यांना नेले. हा खडक आपल्या सह्याद्रीसारखा काळा नाही. आपला पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा शंभर कोटींहून जुना, वाळूचा कठीण होऊन बनलेला, तांबूस आणि खरखरीत. रबर त्याला चांगले धरते. जीप चढू लागली, आणि जाणकारांच्या भाकिताप्रमाणे तिने नाक उचलले. अण्णा इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते. ते म्हणाले, "बॉनेटवर शिपाई बसव."

मला प्रथम कळेना. मग त्यांनी सांगितले. पावसाळ्यात केळघरच्या घाटाकडच्या कच्च्या वाटांवर जीप आखूड म्हणून पुढून हलकी पडे. 'फोर बाय फोर'चा छोटा दांडा ओढूनही चाके पकडत नसत. अशा वेळी ते बरोबरच्या शिपायाला बॉनेटवर बसवत. साहेब आत, शिपाई पुढे पावसात, आणि अण्णा क्लचवर पाय न ठेवता पहिल्या गिअरमध्ये गाडी वर काढत. "येगानं न्हाई चढत. तिला चढू द्यायची." एवढे बोलून त्यांनी नियंत्रक माझ्या हातातून घेतला, आणि माझ्या निम्म्याहून कमी गतीने, मधे मधे पूर्ण थांबत, जीप वर नेली. त्या वीस-पंचवीस सेकंदांत ती मला पहिल्यांदा खरी दिसली. प्रतिकृती खरी दिसण्यासाठी तिने किती सावकाश चालावे याचे गणित मी वर्गमुळे काढून मांडले होते. ते अण्णांच्या अंगठ्यात होते.

पुढच्या आठवड्यात चावडी बाजारात जाऊन मी पुढच्या चाकांच्या आत बसतील अशा दोन पितळी कड्या करवून आणल्या. (त्या बाजाराचे नाव आपल्या चावडीवरूनच पडले असे सांगतात, खरे असो वा नसो, दिल्लीकर मराठी माणसाला ते सांगायला आवडते.) वजन खाली आणि पुढे आले, नाक उचलणे पुष्कळ कमी झाले. आमच्या घरात त्या कड्यांना 'शिपाई' म्हणतात.

अण्णा मुळात अबोल. मी दिल्लीला आलो तेव्हापासून आमचे फोनवरचे संभाषण पाऊस, प्रकृती आणि पैसे पोहोचले का, या तीन मुद्द्यांत आटोपत असे. जीपमुळे ते अर्ध्या अर्ध्या तासाचे झाले. स्टेपनी कुठे होती, 'महाराष्ट्र शासन' ही अक्षरे लाल की काळी, मागच्या बाकाखाली हवा भरायचा पंप असे की नसे. आणि प्रत्येक उत्तरामागे एक गाव, एक सभापती, एक अडलेली बाळंतीण. त्या जीपने किती बायका मेढ्याच्या दवाखान्यात पोहोचल्या हे मला सदतीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. लॉगबुकात तो प्रवास 'शासकीय कामकाज' म्हणून लिहिलेला असे.

गेल्या वर्षीपासून अण्णांना विसर पडू लागला आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला एक नाव दिले आहे आणि गोळ्या दिल्या आहेत. सकाळी चहा घेतला की नाही हे ते आईला विचारतात. तीस वर्षांमागचे मात्र अजून बहुतांशी ठाम आहे. मला आता घाई करायला हवी, असे मित्र म्हणतात. राहिलेले तपशील विचारून घे, जीप पुरी कर. मी नेमके उलटे करतो आहे. आठवड्याला एकच प्रश्न. रंगाचा शेवटचा हात दिलेला नाही, आरसे बसवलेले नाहीत, जॅकची जागा रिकामी आहे. प्रश्नांची यादी वहीत आहे आणि ती मी वाढवत असतो.

या महिन्यात वायपरचा विषय चालू आहे. पहिल्या रविवारी अण्णा म्हणाले की वायपर एकच होता, ड्रायव्हरच्या बाजूला. गेल्या रविवारी म्हणाले, साहेबांच्या बाजूला. ड्रायव्हर काय, हाताने काच पुसून घेतो. मी चौकटीला दोन्हीकडे भोके पाडून ठेवली आहेत.