आडम मास्तरांची घरे

सोलापूरचे माकप नेते नरसय्या आडम यांच्या राजकारणाचा हिशेब मांडायला बसले की दोन रकाने जुळतच नाहीत. एका रकान्यात विधानसभा: १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन विजय. त्यातली पहिली विधानसभा दोन वर्षांतच बरखास्त झाली. पुढे २००९ पासून २०२४ पर्यंत सोलापूर शहर मध्यमधून चार निवडणुका, चारही हरलेल्या. दुसऱ्या रकान्यात घरे: कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार आणि रे नगरची तीस हजारांची योजना. निवडून येण्याचा मान ज्यांना अनेकदा मिळाला, त्यांच्यापैकी किती जणांचा दुसरा रकाना एवढा भरलेला असतो, हे सोलापूरकरांनीच सांगावे.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आता पत्त्यांपुरती उरली. गिरणीचा भोंगा थांबला तसा पूर्व भाग यंत्रमागावर आणि विडीवर आला. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी बोलणाऱ्या पद्मशाली वस्तीतल्या बायका पाने भिजवतात, कापतात, तंबाखू भरून सुताने बांधतात आणि हजाराच्या हिशेबाने कारखान्यात नेऊन देतात. या बायकांची लाल बावट्याची युनियन हा आडम मास्तरांच्या राजकारणाचा पाया. स्वतः ते गिरणी कामगाराच्या घरातले. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने घरी बसून काम करणारीलाही कामगार मानले, पण कागदावरचा हा हक्क दारात आणायला मोर्चेच काढावे लागले. मजुरी हजारी किती, हा प्रश्न सोलापुरात कधीच जुना होत नाही.

घरांच्या पहिल्या वसाहतीला नाव दिले गोदावरी परुळेकरांचे. गोदूताईंनी डहाणू-तलासरीच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्यातूनच आले. त्यांचे नाव असलेल्या वसाहतीच्या किल्ल्या २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. थोडे पैसे केंद्राचे, थोडे राज्याचे, थोडे विडी वळून साठवलेले. रे नगरची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये नरेंद्र मोदींनी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पणही त्यांनीच केले. लहानपणी आपल्यालाही असे घर मिळाले असते तर, असे म्हणताना त्यांचा कंठ दाटल्याचे देशाने टीव्हीवर पाहिले.

२०१९ च्या त्या कार्यक्रमात आडम यांनी पंतप्रधानांचे आणि मुख्यमंत्री फडणवीसांचे कौतुक केले. माकपने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. पक्षाच्या शिस्तीत हे बसते, निवडणूक तोंडावर होती, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आयुष्यभर सरकारकडे मागणारा माणूस सरकारने दिल्यावर काय म्हणेल? ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या त्याच्याच सहीची फाइल हवी, ही अडचण आपल्या लोकशाहीतल्या प्रत्येक कम्युनिस्टाची आहे. केरळात किंवा त्रिपुरात पक्षाचे स्वतःचे सरकार आले, तिथे ती झाकली तरी गेली. सोलापुरात ती उघड्यावरच राहिली.

मला खरा पेच वाटतो तो मात्र वेगळा. १८७२ साली एंगल्सने घरांच्या प्रश्नावर लेख लिहिले, त्यात कामगाराला घरमालक करण्याच्या योजनांची त्याने कडक शब्दांत खिल्ली उडवली. घर कामगाराला जागेवर खिळवते, मग तो संपाला भितो. पुढे १८८७ च्या प्रस्तावनेत त्याने घरबसल्या धंदे करणाऱ्या जर्मन कुटुंबांचे उदाहरण दिले: डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे म्हणून मालक मजुरी आणखी पाडतो. विडीवर अक्षरशः लागू पडणारी गोष्ट. विडीवालीचे घर हाच तिचा कारखाना. जागेचे भाडे ती भरते, दिवा तिचा, पाने भिजवायचे पाणी तिचे. मालकाचा हा सगळा खर्च तिच्या पदरात पडलेला. आता तर जागाही तिची झाली.

एंगल्सचे गणित चुकले असे मी म्हणणार नाही. पण पूर्व भागातली भाड्याची एक खोली, तिच्यात चूल, झोपलेले पोर आणि तंबाखूची धूळ एकत्र, ही स्थिती क्रांतीला उपकारक होती असेही कुठे दिसले नाही. खोली सोडायला लावणारा घरमालकच त्या बाईच्या डोक्यावर रोज बसलेला होता, विडीचा कारखानदार लांब. आडम यांनी आधी जवळचा प्रश्न हाती घेतला. मजुरीचा लढा त्याने सुटला नाही, हे खरेच. पण मजुरीचे भांडण हरून आलेली बाई संध्याकाळी कुठे परत जाते, यालाही काही किंमत असते.

या घरांची किंमत आडम यांना मतांत मोजावी लागली, असा माझा तर्क आहे. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहर मध्यच्या हद्दीबाहेर. म्हणजे नेत्याने आपल्याच माणसांना आपल्याच मतदारसंघातून बाहेर नेऊन वसवले. पराभवांना इतरही कारणे आहेत: गिरण्या गेल्या, पूर्व भागातली पोरे दुसऱ्या झेंड्यांकडे गेली, निवडणुका धर्मावर लढल्या जाऊ लागल्या. तरी पिढ्यान्‌पिढ्या मोर्च्याला येणारी घरे शहराबाहेर हलल्याचा परिणाम होणारच. शहरात एवढी जमीन कामगाराला परवडण्यासारखी नव्हती, म्हणून कुंभारी. मतदार यादी शेजारी ठेवून जमीन शोधायला बसले असते, तर पेठेतल्या पेठेत हजारभर घरे झाली असती आणि आमदारकीही बहुधा टिकली असती.